कोटाच्या आतलं जॅकेट

डार्नच्या तळ्यात माणूस बुडाला की गाव तळ्याला नावं ठेवतं. पश्चिमेचा वारा, उथळ पाणी, एकाएकी उभ्या राहणाऱ्या आखूड लाटा, हे सगळं खरंच आहे. पण तळ्याला जबाब द्यावा लागत नाही, त्यामुळे सगळ्यांचीच सोय होते. यामिनी रामटेकेला ही सोय मान्य नव्हती. २०१४ च्या नोव्हेंबरात तिनं जे केलं त्याबद्दल निम्मं गाव अजून तिच्याशी बोलत नाही. बाकीचं निम्मं आधीही बोलत नव्हतं.

उत्तर जर्मनीतल्या या खेड्यात ती आली ती नवऱ्यामागून. यशपाल भंडाऱ्याकडचा, नागपूरला मत्स्यविज्ञान शिकलेला, पुढे रोस्टॉकला एम.एस्सी. झालेला. लुडर्सच्या मासेमारीच्या धंद्यात त्याला घेतलं ते माशांचं बीज वाढवायच्या कामावर. वर्षभरात एक जुना माणूस पाठदुखीनं घरी बसला आणि लुडर्सनं यशपालला 'थोडे दिवस' म्हणून नावेत चढवलं. त्या थोड्या दिवसांना आता तीन वर्षं होत आली होती. यामिनी मूळची पुण्याची. एश्बॉर्नमधली आयटीची नोकरी सोडून ती आली आणि लुडर्सच्याच कचेरीत अर्धा दिवस बसायला लागली. राहायचं घर लुडर्सचं. यशपालच्या आउफएन्टहाल्टला, म्हणजे इथे राहायच्या परवान्याला, एक हिरवी पुरवणी जोडलेली होती, तिच्यावर मालक म्हणून नाव लुडर्सचं. तो परवाना मार्चमध्ये नवा करायचा होता.

धंद्यात सहा माणसं आणि तीन नावा. प्रत्येकाला एकेक लाइफ जॅकेट दिलेलं होतं, आपोआप फुगणारं. दिसायला मानेवरून छातीवर येणारा जाडसर पट्टा. माणूस पाण्यात पडला, किंवा त्यानं लाल दोरी ओढली, की आतली गॅसची नळी फुटते आणि पिवळी पिशवी बघता बघता टम्म फुगते. ते घालायचं कोटावरून, हे शाळकरी पोरालाही कळेल. पण जाळं ओढताना जॅकेटची बक्कल जाळ्यात अडकायची आणि जाळं फाटायचं. दोन वर्षांपूर्वी एक नवंकोरं जाळं असं फाटलं तेव्हा लुडर्सनं सगळ्यांना अंगणात उभं केलं आणि सांगितलं, "आजपासून हे कोटाच्या आत. ज्याच्या हातून जाळं फाटेल तो रविवारी बसून सांधेल." माणसांनी ऐकलं. रविवार कुणाला घालवायचा होता? शिवाय आत घातलं की छातीला जरा ऊबही मिळायची. कोट जाड रबराचा, गळ्यापर्यंत बटणं लावलेला. त्याच्या आत ती पिशवी फुगली तर जाणार कुठे, हे एकालाही सुचलं नाही. सुचलं असेल तर कुणी बोललं नाही.

बोलायची जागा खरं तर होती. उन्टरवायझुंग म्हणून एक प्रकार असतो. दरवर्षी मालकानं माणसांना सुरक्षेचे नियम समजावून सांगायचे आणि त्यांच्या सह्या घ्यायच्या. लुडर्स ते कॉफीबरोबर उरकायचा. यादी टेबलावर फिरायची, वर छापलेलं असायचं की जॅकेट कोटावरून घालावे, नावेत शिडी असावी. खाली सहा सह्या. तारखेची जागा कोरी. मग सवडीनं यामिनी तिथे जानेवारीतली एखादी तारीख आपल्या गोल, नेटक्या अक्षरात भरायची. शिड्या जाळी ठेवायला अडचण करतात म्हणून कधीच काढून टाकलेल्या होत्या, हे तिला माहीत होतं. तरी ती तारीख भरायची, कारण ऑफिसात बसणाऱ्या माणसानं कागद पूर्ण करायचा असतो, असं तिला शिकवलेलं होतं.

त्या सोमवारी वाऱ्याचा तिसरा दिवस होता. सकाळी होर्स्ट कचेरीत आला. होर्स्ट नावांवरचा सगळ्यात जुना माणूस, चौसष्ट वर्षांचा, यशपालचा जोडीदार. टोपी हातात धरून तो म्हणाला, "आज नको. उद्या वारा पडेल."

"जाळी शनिवारपासून पाण्यात आहेत," लुडर्स म्हणाला. "उद्या तो मासा मी गिऱ्हाइकाला देऊ की कोंबड्यांना घालू?"

होर्स्टनं यशपालकडे पाहिलं. यशपालनं बुटांकडे पाहिलं. दोघं गेले.

अकराच्या सुमाराला यामिनी काठावरच्या शेडमध्ये मासे साफ करणाऱ्यांना हात द्यायला गेली होती. मरेने नावाचा तो चांदीसारखा बारका मासा, त्याची आतडी काढून काढून बोटं बधिर होतात. तिनं सहज मान वर केली तर नाव दिसली. इंजिन बंद, नाव आडवी, वाऱ्यानं लव्हाळ्यांकडे ढकलली जाणारी. यशपाल कडेवर पोटावर पडून दोन्ही हातांनी काहीतरी धरून होता. तिला वाटलं, जाळं. मग त्या जाळ्याला पांढरे केस दिसले.

ती कमरेएवढ्या पाण्यात धावत गेली. होर्स्ट जिवंत होता. डोळे उघडे होते, तोंड उघडं होतं, चेहरा जांभळा पडलेला. अंगावरचा कोट मृदंगासारखा ताणलेला होता, इतका की त्यावर बोट टेकवलं तर बोट आत जात नव्हतं. चौघांनी ओढून त्याला काठावर घेतलं तरी बटणं निघेनात. कुणीतरी सुरी आणली. गाडी आली, त्याला घेऊन गेली, आणि दुपारी दवाखान्यातून फोन आला की होर्स्ट गेला.

घरी यशपालची आई होती. मीराबाई सप्टेंबरात तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. त्यांनी मुलाला खुर्चीत बसवलं, कोमट पाण्याचं घमेलं त्याच्यापुढे ठेवलं आणि त्याचे हात त्यात धरले. तळव्यांची कातडी कोटाच्या काठानं सोलून निघाली होती. पाणी लागलं तरी तो हूं की चूं करेना.

"बोलून काऊन नाही राहिला रे?" त्या म्हणाल्या.

"काय बोलू, आई? अर्धा तास त्याले धरून होतो. वर घेताच नाही आलं." मग तो यामिनीकडे वळला. "तो मला सारखं म्हणत होता, बटण, बटण. पडल्या पडल्या आत जॅकेट फुगलं ना. पाण्यानं नाही गं, जॅकेटनं गुदमरला तो. मी एक हात सोडला असता तर तो खाली गेला असता. बटण काढायला तिसरा हात कुठून आणू?"

यामिनीला आधी रडू येईल असं वाटलं होतं, पण आला तो राग, आणि तो जायचं नाव घेईना.

दुसऱ्या दिवशी लुडर्स घरी आला. चिखलाच्या बुटांसकट तो थेट स्वयंपाकघरात शिरला. मीराबाईंनी आधी बूट बघितले, मग त्याचं तोंड बघितलं आणि कणकेचा हात तसाच ठेवून त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

"तर मग, हेर रामटेके, हात कसे आहेत?" त्यानं उत्तराची वाट पाहिली नाही. "शुक्रवारी विमासंस्थेच्या तपासनीस बाई येणार आहेत. तुम्ही नावेत होता, म्हणून तुम्हालाच विचारतील. तीन गोष्टी. जॅकेट कोटावरून घालायचा नियम आहे, होर्स्टनं आपल्या मनानं आत घातलं होतं. शिडी होती, ती त्यानंच काढून ठेवली. आणि सकाळी त्याच्या तोंडाला वास येत होता."

"वास?" यशपाल म्हणाला.

"म्हातारा माणूस, थंडीचे दिवस. घेतली असेल थोडी. गेलेल्या माणसाला काय फरक पडतो?" लुडर्सनं दारावर हात ठेवला. "मार्चचं माझ्या लक्षात आहे हं. तुमच्या परवान्यासाठी नोकरीचा कागद मीच द्यायचा ना?"

"हो, हो," यशपाल म्हणाला. "गेनाऊ."

त्या 'गेनाऊ'नं, त्या 'अगदी बरोबर'नं, यामिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लुडर्सची गाडी वळणाच्या पलीकडे जाईपर्यंत ती थांबली.

"काय गेनाऊ? कशाला गेनाऊ म्हणालास?"

"तोंडातून गेलं."

"तुझ्या हातात गुदमरला तो माणूस, यशपाल. त्यानंच तुला या तळ्यावर नाव चालवायला शिकवलं. आणि तू सांगणार, तो पिऊन आला होता?"

"मग काय सांगू? मार्चमध्ये बॅगा भरू?" त्याचा आवाज चढला. "तुझा परवाना माझ्यावर आहे. माझा त्याच्यावर आहे. अजून एक वर्ष काढलं की कायमचा परवाना मिळतो, मग कुणाच्या बापाला भीत नाही मी. एक वर्ष, यामिनी. आणि तू मला शिकवू नकोस. तारखा कुणी घातल्या त्या याद्यांवर?"

हे बरोबर वर्मी बसलं. यामिनी भांड्यांकडे वळली आणि स्वच्छ असलेलं पातेलं पुन्हा घासायला लागली. त्याच्यावर राग होता, लुडर्सवर होता, आणि स्वतःच्या त्या गोल अक्षराचा तर तिला मनापासून तिटकारा आला होता.

बुधवारी नावा पुन्हा पाण्यात गेल्या. माणूस मेला म्हणून मासा थांबत नाही, असं लुडर्स म्हणाला. यशपालनं पट्ट्या बांधलेल्या हातांवर मोजे चढवले, जॅकेट घातलं, त्यावर कोट घातला, गळ्यापर्यंत बटणं लावली. पाचही माणसांनी तसंच केलं. कुणी त्यांना दुसरं काही सांगितलंच नव्हतं, आणि दोन वर्षांत हातांना ती सवय होऊन गेली होती. यामिनी कचेरीच्या खिडकीतून बघत होती. एकेकाचं शेवटचं बटण लागेपर्यंत ती तिथून हलली नाही.

गुरुवारी मालाची गाडी आली. सहा नवी जॅकेटं, तीन चकचकीत शिड्या. इतकी वर्षं ज्यांना नावेत जागा नव्हती त्या शिड्या तासाभरात तिन्ही नावांना बसल्या. लुडर्सनं यामिनीपुढे सह्यांची यंदाची यादी टाकली. होर्स्टची सही तिसरी होती, थरथरत्या हाताची. "तारखेची जागा कोरी राहिली आहे," तो म्हणाला. "जानेवारीतली घाला."

"घालते," ती म्हणाली आणि यादी खणात ठेवून दिली.

त्या दुपारी ती मीराबाईंबरोबर होर्स्टच्या घरी गेली. मीराबाई मंगळवारपासून रोज तिथे जात होत्या. ज्या घरातलं माणूस गेलं त्या घरी चूल पेटत नाही, शेजाऱ्यांनी डबा न्यायचा, एवढंच त्यांना माहीत होतं आणि त्यासाठी जर्मन यायची गरज नव्हती. होर्स्टची बायको हिल्डे त्यांच्या हातची मऊ खिचडी चार घास खायची, आणि दोघी टेबलाशी गप्प बसून राहायच्या. आज यामिनीला पाहून हिल्डे बोलली.

"बेकरीत म्हणतात, तो प्यायला होता."

यामिनीनं डब्याचं झाकण पुन्हा घट्ट लावलं.

"दारू सोडल्यापासून अकरा वर्षांत त्यानं थेंब घेतला नाही. मला माहीत आहे, मी त्याच्याबरोबर राहत होते," हिल्डे म्हणाली. "पण लोक म्हणतात, तर मलाच वाटायला लागलं, माझ्या चोरून घेतली असेल का? तुझा नवरा होता ना त्याच्याजवळ. त्याला विचार. तो सांगेल ते मी खरं मानीन."

"विचारते," यामिनी म्हणाली. तिला तिथल्या तिथे सांगता आलं असतं. तिनं मूग गिळले, आणि त्याची तिला इतकी लाज वाटली की हिल्डेचा निरोप घेताना तिनं वर बघितलं नाही.

रस्त्यात मीराबाईंनी विचारलं, "काय म्हने ते?"

यामिनीनं सांगितलं. मीराबाई चालायच्या थांबल्या. तळ्यावरचा वारा त्यांच्या स्वेटरमधून आरपार जात होता.

"मंग उद्या माहा पोरगा काय सांगनार हाय?"

"अहो आई, त्याचाही नाइलाज आहे. परवाना..."

"तो कागद मले नको सांगू. आमच्या गावात मालगुजारापुढं माह्या सासऱ्यानं मान नाही खाली घातली, अन् तो अंगठाबहाद्दर होता. तुमी दोघं एवढे शिकले ते काय गेनाऊ गेनाऊ कराले शिकले?" त्या पुन्हा चालायला लागल्या. "अन् तो रोज तेच घालून जाते ना पान्यावर? तसंच, आतून?"

"हो."

"मंग तू काय पाहून राहिली?"

शुक्रवारी दहा वाजता तपासनीस बाई, फ्राऊ पेटरसन, आल्या. पन्नाशीच्या, उंच, हातात जाड फाइल. लुडर्सनं आधी त्यांना धक्क्यावर नेऊन शिड्या दाखवल्या, मग शेडमध्ये आणलं. तिथे टेबल पुसून, कॉफीचा थर्मास ठेवून यामिनीला याद्यांच्या फाइली घेऊन बसवलेलं होतं. खुंटीवर एक नवं जॅकेट असं टांगलं होतं की आत येणाऱ्याची नजर तिथेच जावी. उरलेली पाच माणसांना सकाळी वाटली होती.

"नियम साधा आहे," लुडर्स म्हणाला. "कोटावरून. आमच्याकडे लहानमोठा प्रत्येक जण तसंच घालतो. होर्स्ट हट्टी होता."

यशपालची नाव तेवढ्यात लागली होती. लुडर्सनं त्याला हाक मारली. तो तसाच आला, पाणी निथळत, कोटावर माशांचे खवले चिकटलेले. फ्राऊ पेटरसननी त्याला बसा म्हटलं. तो उभाच राहिला.

"त्या दिवसाबद्दल विचारण्याआधी," त्या म्हणाल्या, "हेर रामटेके, तुमच्याकडे जॅकेट कसं घालतात?"

"कोटावरून," यशपाल म्हणाला.

"नेहमी?"

"नेहमी."

"हेर होर्स्ट मात्र आतून घालत?"

"हो. स्वतःच्या मनानं." तो पाठ केल्यासारखं बोलत होता, नजर थर्मासवर. "त्या सकाळी त्यांच्या तोंडाला..."

यामिनी त्याच्या तोंडाकडे बघत नव्हती. ती त्याच्या छातीकडे बघत होती. गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट दोन्ही बाजूंनी थोडा फुगीर दिसत होता, आणि खाली, कोटाच्या काठाशी, बोटभर लाल दोरी लोंबत होती. नवं जॅकेटही त्यानं सकाळी आतूनच घातलं होतं. नेहमी कोटावरून म्हणून सांगणाऱ्या माणसाला आपल्या अंगावर काय आहे याचा पत्ता नव्हता. लुडर्सलाही नव्हता. दोन वर्षं रोज हेच बघितल्यावर कुणाच्या डोळ्याला ते खुपणार?

ती उठली. टेबलाला वळसा घालून त्याच्यापुढे गेली, कोटाच्या काठाखाली हात घातला आणि ती दोरी सगळा जोर लावून खाली ओढली.

आतून फट्कन आवाज आला. यशपालनं 'अगं' म्हणायला तोंड उघडलं आणि ते उघडंच राहिलं. कोट छातीवर ताणला, खांदे वर चढले, कॉलर हनुवटीखाली रुतली. त्याचे हात बटणांकडे गेले, पण बटणं आतल्या दाबानं अशी आवळली होती की सोललेली बोटं त्यांवरून नुसती घसरली. तो गुडघ्यांवर आला. घशातून बारीक, शिट्टीसारखा आवाज येत होता.

"वेडी झाली आहे ही बाई," लुडर्स ओरडला.

फ्राऊ पेटरसन खुर्ची पाडून धावल्या आणि बटणांशी झटायला लागल्या. एकही निघेना. यामिनीनं मासे साफ करायची सुरी घेतली, यशपालची हनुवटी वर धरली आणि कोट गळ्यापासून खालपर्यंत चिरत नेला. रबर चिवट होतं, दोनदा हात थांबला. मग पिवळी पिशवी भसकन बाहेर आली आणि यशपालनं असा श्वास घेतला की शेडच्या दारात जमलेली माणसंही एकदम मागे सरली.

फ्राऊ पेटरसन खालीच त्याच्याशेजारी बसल्या होत्या. त्यांनी तिथूनच विचारलं,

"आतून घालायला कुणी सांगितलं?"

"हेर रामटेके," लुडर्स म्हणाला, "विचार करून बोला."

यशपालनं त्याच्याकडे बघितलं. तीन वर्षांत पहिल्यांदाच तो त्याच्याकडे सरळ बघत होता.

"यांनी सांगितलं. दोन वर्षांपूर्वी, बाहेर अंगणात, सगळ्यांना. जाळी फाटतात म्हणून." त्याला मध्ये थांबावं लागत होतं. "शिड्या काल लागल्या. होर्स्ट प्यायला नव्हता. तो आज नको म्हणाला होता, यांनी पाठवलं. मी त्याला धरून होतो आणि तो बटण, बटण म्हणत होता."

दारातल्या चौघांपैकी एकानं आपला कोट उघडून दाखवला. त्याचंही आतच होतं. मग दुसऱ्यानं उघडला.

यामिनीनं फाइल उघडून फ्राऊ पेटरसनपुढे धरली. "या मागच्या याद्या. सह्या माणसांच्या आहेत, तारखा मी मागाहून घातल्या आहेत. कुणाला कधी काही शिकवलेलं नाही. ही यंदाची, हिच्यावर तारीख नाही, ती काल घालायला सांगितली होती. हे सगळं लिहा. माझं नावही लिहा."

"घर रिकामं करा," लुडर्स म्हणाला. "आणि मार्चमध्ये कागद कुणाकडून आणता ते बघतो मी."

"बघा," यामिनी म्हणाली. तिनं यशपालच्या काखेत हात घालून त्याला उभं केलं. "बाई, तासाभरात येतो परत, जबाब द्यायला. आधी एका ठिकाणी जायचं आहे."

दोघं तळ्याच्या काठच्या रस्त्यानं हिल्डेच्या घराकडे निघाले. चिरलेला कोट यशपालच्या अंगावर दोन्हीकडून लोंबत होता. गळ्यावर कॉलरचा लाल वळ उठला होता, तो त्यावरून सारखा हात फिरवत होता.

"मी मेलो असतो गं तिथे," तो म्हणाला.

"तिथे कोट फाडायला मी होते," यामिनी म्हणाली. तिचा राग अजून उतरला नव्हता. "पाण्यात कोण होतं?"

हिल्डेच्या घरी मीराबाई डबा घेऊन आधीच आल्या होत्या, दार त्यांनीच उघडलं. मुलाचा गळा बघितला, कोट बघितला, आणि काहीएक न विचारता त्यांनी त्याला पाठीवर हात ठेवून हिल्डेपुढे नेलं.